आचारसंहितेच्या आत

१

अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी सव्वादहा वाजता आमदार गुरुलिंगअण्णा तोळणुरे यांच्या देवघरातून पक्षाचा एबी फॉर्म नाहीसा झाला.

राजकारणाचा गंध नसलेल्यांसाठी सांगायला हवं. एबी फॉर्म म्हणजे ‘हाच आमचा उमेदवार’ असं पक्षानं लिहून दिलेलं पत्र. पंचवीस वर्षं लोकांची कामं करा, पाच वेळा निवडून या, विधानसभेत घसा फोडून बोला. शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत तो कागद निवडणूक अधिकाऱ्याच्या टेबलावर पोहोचला नाही, तर तुम्ही पक्षाचे कुणी नाही. झेरॉक्स चालत नाही, मोबाइलमधला फोटो चालत नाही. शाईच्या सहीचा मूळ कागदच लागतो.

सोलापुरातल्या त्या घराबाहेर मांडवात दोनशे माणसं जमली होती. हलगी वाजत होती, जीपला झेंडूच्या माळा चढल्या होत्या. आत मात्र सगळ्यांची तोंडं पांढरी पडली होती. पोलिसांना सांगावं तर बातमी पाच मिनिटांत विरोधकाच्या ओसरीवर. शेवटी अण्णांचा स्वीय सहायक गुरुशांत यानं कुंडलिक मेटकरीला फोन लावला.

कुंडलिक मूळचा सांगोल्याकडचा. पोलीस हवालदार म्हणून चौदा वर्षं अण्णांचा अंगरक्षक होता, जुलैअखेर निवृत्त झाला. अंगरक्षकानं साहेबाच्या तोंडाकडे बघायचं नसतं, भोवतालच्या हातांकडे बघायचं असतं. ती सवय त्याच्या डोळ्यांत मुरलेली होती. निवृत्तीनंतर तीन महिने तो या घराकडे फिरकला नव्हता. लोक म्हणायचे, खुर्ची सुटली की माया सुटते. खरं कारण वेगळं होतं, आणि ते त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं.

अकराच्या सुमारास तो आला. अण्णा दिवाणखान्यात खुर्चीवर बसून बशीतून चहा पीत होते. एवढ्या गोंधळात तेवढा एकच माणूस शांत होता.

"तू कशाला आलास, कुंडलिक?" अण्णांनी विचारलं.

चौदा वर्षांत अण्णांनी त्याला असं कधी विचारलं नव्हतं.

२

गुरुशांतनं सगळं एका दमात सांगितलं. पाकीट काल संध्याकाळी आलं, अण्णांनी देवापुढे ठेवलं. आज नऊ वाजता सगळ्यांनी तिथं पाहिलं. साडेनऊपासून शुभेच्छा देणारे येऊ लागले, पण ते दिवाणखान्यापर्यंतच. देवघरात चौघंच गेले. पूजेला अण्णा, दिव्यात तेल घालायला त्यांची थोरली बहीण चंद्रव्वा, पाया पडायला पुतण्या चन्नवीर आणि प्रसादाचं ताट आणायला स्वतः गुरुशांत.

"पाकीट नाही म्हटल्यावर मी लगेच गेट बंद केलं. सगळ्यांच्या पिशव्या बघितल्या, खिसे बघितले, पिठाचा डबासुद्धा उपसला. त्याआधी पाच-सहा जण निघून गेले होते, पण त्यातलं कुणी देवघराच्या उंबऱ्यापाशीही गेलं नव्हतं."

"आन् तुमचं काय?"

गुरुशांत कसनुसं हसला. "माझ्यावर संशय घ्या, चालेल. पण अण्णा पडले तर उद्या मला कोण विचारतं? साहेब नसलेला पीए म्हणजे देव नसलेला पुजारी."

ते खरं होतं. कुंडलिक चन्नवीरकडे वळला.

चन्नवीरवर तर घरातल्या मांजराचाही संशय होता. तिशी ओलांडलेला हा पुतण्या ठेकेदारी करायचा. चार वर्षं तिकिटासाठी गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेला. पण तो अजिबात डगमगला नाही.

"हवालदार, डोकं वापरा जरा. एबीतल्या बी फॉर्मवर उमेदवाराच्या खाली दुसरं नाव असतं, पर्यायी उमेदवाराचं. पहिल्याचा अर्ज बाद झाला किंवा त्यानं मागे घेतला तर तिकीट दुसऱ्याला. ते दुसरं नाव माझं आहे. माझा अर्जही तयार आहे. कागद हरवला तर अण्णांबरोबर मीही बुडतो. मग मी कशाला चोरू?"

हा माणूस कुंडलिकला डोळ्यांसमोर नको होता, त्याचं कारण त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. पण न आवडणारा माणूस चोर असतोच असं नाही. आणि चन्नवीरचं बोलणं एका नव्या दिशेला बोट दाखवत होतं. कागद ज्यानं नेला त्याला अण्णा नको होते आणि चन्नवीरही नको होता. दोघांचं एकाच दगडात वाटोळं व्हावं असं या घरात कुणाला वाटत असेल?

आतल्या खोलीतून कुणीतरी हुंदके देत असल्याचं ऐकू आलं.

३

चंद्रव्वा शालींच्या ढिगाशेजारी बसून रडत होती.

या ढिगाची गोष्ट सांगितली पाहिजे. आमदाराच्या घरात धान्य नसेल, पण शाली असतात. जिथं जाईल तिथं शाल, श्रीफळ, टॉवेल, टोपी. एवढ्या शालींचं करायचं काय? तर कुणाच्या सत्काराला त्यातलीच एक द्यायची. सगळेच देतात, कुणी बोलत नाही. यात धोका एकच, ज्याची शाल त्याच्याच खांद्यावर परत जाण्याचा. तसं झालं की माणूस जन्मभराचा तुटला. चंद्रव्वाला लिहिता येत नव्हतं, म्हणून ती आलेल्या प्रत्येक शालीच्या कोपऱ्यात रंगीत दोऱ्याचा टाका घालायची. पिवळा बार्शीच्या व्यापाऱ्यांचा, तांबडा अक्कलकोटवाल्यांचा. पंचवीस वर्षांत तिची एक शाल चुकली नव्हती.

"अक्का, कागद मिळंल. रडू नका," कुंडलिक म्हणाला.

"कागदाचं कोण रडतंय? अय्यो देवरे, माझी अब्रू गेली की आज! निंगप्पाची शाल निंगप्पालाच गेली बघ."

"कोण निंगप्पा?"

"निंगप्पा गवंडी रे. ज्याचा पोरगा प्रभु जेलात हाय, तो. सकाळी आला, नवी शाल घेऊन. बिचाऱ्यानं कुटनं आणली देव जाणे. अण्णाला पांघरली. अण्णानं मला म्हटलं, याला बी एक आण. मी तांबड्या टाक्याची हिरवी शाल आणून अण्णाच्या हातात दिली, आन् नारळ आणायला आत वळले. येऊन बघते तर निंगप्पा उंबरा ओलांडतोय आन् हातात त्याचीच शाल! दुकानाची चिठ्ठी बी तशीच. लोक म्हणतील म्हातारीला आता दिसत न्हाय."

"मग तुमची हिरवी?"

"ही काय. अण्णाच्या खुर्चीमागं पडली होती."

कुंडलिक तसाच बाहेर आला आणि गुरुशांतचा मोबाइल मागितला. सकाळचे सगळे फोटो त्यात होते. निंगप्पाचा फोटो सापडला. गुरुशांतनं नाक मुरडलं. "तो टाकलाच नाही ग्रुपवर. अण्णा नेहमी शाल उलगडून अंगावर घालतात. आज घडीच दिली हातात. म्हणे, उकडतंय, घडीच राहू दे."

फोटोत वाकलेला निंगप्पा होता. दोन्ही हातांत घडी केलेली शाल धरून उभा. घडी मधोमध जरा फुगलेली होती.

मान वर केली तर गुरुशांतच्या खांद्यावरून चन्नवीरही त्याच फोटोकडे बघत होता.

४

कुंडलिकनं अण्णांच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं.

"अण्णा, अक्कानं हिरवी शाल तुमच्या हातात दिली. निंगप्पाच्या हातात त्याचीच गेली. मधी दुसऱ्या कुनाचे हात न्हाईत. पाकीट तुमीच देवघरातनं उपरण्याआड आनलं, आन् त्यानं पांघरलेली शाल काढून घडी घालताना तिच्यात सारलं. हिरवीत घालायला ती उलगडून पुन्हा घडी करावी लागली आसती, तेवढा येळ न्हवता."

अण्णा म्हणाले, "तुला चौदा वर्षं हात बघायला शिकवलं, ही माझीच चूक."

"उभं ऱ्हायचं न्हवतं, तर तसं सांगायचं की."

"मी नाही म्हटलं की चन्नवीर उभा. कागद नाही तर कुणीच नाही. फाडायला गेलो, तर देवापुढचा कागद, हात उठेना. तेवढ्यात समोर निंगप्पा आला. म्हटलं, जाऊ दे त्याच्याच घरी. तीनपर्यंत तिथं कुणी शोधणार नाही. मग त्यानं चुलीत घातला तरी तो त्याचा हक्क आहे. का, ते तुला माहीत आहे."

माहीत होतं. सगळं माहीत होतं.

मार्चात लोकसभेची आचारसंहिता लागायची होती. एकदा ती लागली की उद्घाटनं बंद. निंगप्पाच्या गावात अण्णांच्या निधीतून सभामंडप बांधून होत आला होता, ठेकेदार चन्नवीर. अण्णांनी फोनवर सांगितलं, "आचारसंहितेच्या आत फीत कापायची आहे, काय वाटेल ते कर." स्लॅब पडून आठच दिवस झाले होते. प्रभु गवंडी म्हणाला, एकवीस दिवस टेकू काढायचे नाहीत. चन्नवीरनं दुसरी माणसं लावून टेकू काढायला लावले. फीत कापायच्या आदल्या दिवशी स्लॅब कोसळला, खाली दोन बाया मेल्या. चौकशीचा अहवाल आला की गवंड्यानं परस्पर सेंट्रिंग काढलं. प्रभु आत गेला, त्याला आता सात महिने झाले होते.

अण्णांना खरं ठाऊक नव्हतं. पावसाळी अधिवेशनात त्यांनी स्वतःच तारांकित प्रश्न टाकला होता, दोषींवर कारवाई काय म्हणून. प्रश्नाच्या आदल्या संध्याकाळी चन्नवीर मुंबईला आमदार निवासात आला. दाराबाहेर कुंडलिक उभा होता. आतून चन्नवीरचा आवाज आला, "काढायला मीच लावलं. पण आचारसंहितेच्या आत, हे तुम्हीच म्हणालात ना? ओढा मला, तुम्हीही येताल बरोबर."

दुसऱ्या दिवशी सभागृहात अण्णांचं नाव पुकारलं गेलं. अण्णा खोलीत बूट घालून पलंगावर बसून होते. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तोळणुरे गैरहजर राहिले. कुंडलिकनं दारात उभं राहून ते पाहिलं, आणि महिनाभरानं तो निवृत्त झाला. दोघांनीही एकमेकांजवळ हा विषय कधी काढला नाही.

"तीनपर्यंत गप्प बस, कुंडलिक. एवढंच कर माझ्यासाठी."

"अण्णा, तुमी त्या म्हाताऱ्याच्या घरात चोरीचा माल टाकलाय. चन्नवीरनं फोटो बघितलाय. त्याची माणसं जाऊन पाकीट काढतील, अर्ज भरतील, आन् वर निंगप्पाला चोर म्हनून आत घालतील. पोरगा हाय आत, आता बाप बी जाईल."

हा विचार अण्णांच्या मनाला शिवलाच नव्हता. पाच वेळा निवडून आलेला माणूस, पण आपण दिलेल्या वस्तूचं गरिबाच्या घरी पुढं काय होतं, हे त्यानं कधी बघितलं नव्हतं.

बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

५

चन्नवीरची माणसं गाडीनं गेली, कुंडलिक मोटारसायकलवर. पण त्याला माळावरची जवळची पाणंद ठाऊक होती. प्रचारात त्या गावाला चौदा वर्षं खेपा घातल्या होत्या.

निंगप्पा धुतलेली टोपी घालून दारातच उभा होता. काखेत स्वच्छ फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं. कुंडलिकला बघून त्याचा चेहरा उजळला.

"हवालदार! बरं झालं आलासा. वकिलाकडं निगालोय. सायबानं चिठ्ठी दिली की!"

"कसली चिठ्ठी?"

"जामिनाची. दुसरी कसली आसंल? सकाळी नुसती शाल दिली तवा मन लई खट्टू झालं. आमचीच आमाला दिली, म्हटलं आमची लायकी तेवडीच. घरी येऊन घडी मोडली, तर आत पाकीट! वर गोल शिक्का, खाली सही. चार माणसांत बोलता येत न्हाई, म्हनून घडीत घालून दिली. मोटा मानूस. सात म्हैने मी त्येला मनात शिव्या दिल्या, आज देवाम्होरं कान धरले."

निंगप्पाला वाचता येत नव्हतं. कुंडलिकला खोटं बोलणं सोपं होतं. ‘पाकीट चुकलं, बरोबरचं उद्या पाठवतो’ म्हटलं असतं तर म्हाताऱ्यानं मुकाट्यानं दिलं असतं. त्या विचारानं कुंडलिकला स्वतःचीच शिसारी आली.

"निंगप्पा, ही जामिनाची चिठ्ठी न्हाय. इलेक्शनचा कागद हाय."

"मंजी प्रभुचं नाव न्हाय ह्यात?"

"न्हाय."

निंगप्पानं फडकं सोडलं, पाकिटाकडे बघितलं, पुन्हा बघितलं. मग ते दोन्ही हातांनी पुढं केलं.

"मग चुकून आलं आसंल. घिऊन जावा. सायबाचं नुकसान नगं. तेवडं पोराचं कानावर घाला त्येंच्या." आणि आत वळून म्हणाला, "उनातनं आलासा, पानी तरी पिऊन जावा."

कुंडलिक ते पाणी प्यायला. मग पाकीट सदऱ्याच्या आत घालून पाणंदीला लागला, तेव्हा समोरच्या रस्त्यानं चन्नवीरच्या गाडीची धूळ गावात शिरत होती.

६

कागद सापडो न सापडो, मिरवणूक काढावीच लागते. कुंडलिक निवडणूक कार्यालयाशी पोहोचला तेव्हा अडीच वाजून गेले होते. अण्णा गळ्यात हार घालून पायऱ्यांपाशी उभे होते. बाजूला चन्नवीर मोबाइलवर कुणावर तरी खेकसत होता. समोर वार्ताहर माइक घेऊन ताटकळले होते.

कुंडलिकनं पाकीट अण्णांच्या हातात ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाला, "त्येला वाटलं, तुमी पोराच्या जामिनाची चिठ्ठी दिली. देवापुढं कान धरून माफी मागितली त्यानं तुमची."

अण्णांचा चेहरा बघवेना. एखाद्यानं शिव्या दिल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं.

"किती वाजले?"

"तीनला वीस कमी."

पाकीट दिसताच चन्नवीर धावत आला. "सापडलं? चला, चला आत!" त्यानं अण्णांचा दंड धरला. अण्णांनी तो सोडवून घेतला, पाकीट आपल्या काखेत दाबलं आणि माइकवाल्यांकडे वळले.

"मी अर्ज भरत नाही. माझ्या पक्षाचा दुसराही कुणी भरणार नाही, कारण हा कागद तीनपर्यंत माझ्याकडेच राहील." हलगी थांबली. "मार्चात सभामंडप पडला. दोन बाया गेल्या. प्रभु गवंड्यानं टेकू काढले नाहीत. माझ्या पुतण्यानं काढायला लावले, आणि घाई माझी होती. मला फीत कापायची होती. विधानसभेत माझाच प्रश्न होता आणि मी तोंड लपवून खोलीत बसलो. हे मी न्यायालयात सांगणार आहे."

कुणी घोषणा दिली नाही. मागं कुठंतरी एक बाई मोठ्यानं म्हणाली, "आता सांगतोय, मेल्या!" आणि तिला कुणी गप्प केलं नाही.

चन्नवीर सावरला. हसत पुढं आला. "अण्णा दमलेत. वय झालंय, तिकिटाचं टेन्शन आहे, काहीही बोलताहेत. अहवाल सरकारी आहे. आणि मी असं केलं, असं म्हणालो, याला साक्षीदार कोण? आहे कुणी?"

कुंडलिकच्या पेन्शनचे कागद आत्ता कुठं मार्गी लागले होते. सरकारी नोकरानं ऐकलं तेव्हा का सांगितलं नाही, हे पहिल्यांदा त्यालाच विचारलं जाणार होतं. चन्नवीरला सांगोल्याचं घर माहीत होतं. अण्णांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर कदाचित त्याला गप्प बसता आलं असतं.

तो माइकांच्या पुढं जाऊन उभा राहिला. नोकरीत उभा राहायचा तसा, ताठ.

"कुंडलिक मेटकरी. निवृत्त हवालदार," तो म्हणाला. "त्या दिवशी आमदार निवासात दाराबाहीर मी हुतो. टेकू कुनी काढायला लावलं, ते मी ह्या कानांनी ऐकलंय, आन् चार म्हैने गप बसलोय. माझं नाव आदी लिवा, मग त्याचं लिवा."